अळीचं उष्टं

सगळी घरं गुलाबी झाली होती.

धाकटीने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात शहाण्णव बारीक खोलगट घरं. कडेची एक रांग तेवढी निळी. बाकी सगळं गोड गोळ्यांच्या बरणीसारखं गुलाबी.

"छान दिसतंय की," थोरला म्हणाला.

"काका, छान दिसतंय हेच वाईट आहे."

तात्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या डोळ्यांना आता अक्षरं लागत नसत, रंग मात्र कळत. "मला समजेल असं सांग, पोरी."

"प्रत्येक घरात मी आपल्या कडवीच्या झुडपाच्या पानांचा अर्क घातला. पहिल्यात सगळ्यात कडक, पुढच्यात निम्मा, त्याच्या पुढच्यात त्याच्याही निम्मा. मग वाळूमाशीच्या जखमेत जे परजीवी असतात ते सोडले. तीन दिवसांनी निळा रंग टाकला. परजीवी जिवंत असले की ते तो रंग पचवून गुलाबी करतात. मेलेले असले की निळा निळाच राहतो."

"आणि ही निळी रांग?"

"ते दवाखान्यातलं औषध. तुलनेला घालावंच लागतं."

"म्हणजे आपल्या कडकातल्या कडक अर्कातसुद्धा..."

"मजेत पोहत होते, आजोबा."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण तात्या रागावले नाहीत. त्यांनी फोनवरून बोट फिरवलं, जणू रंग हाताला लागतोय का ते बघत होते.

ही औषधाची खोली. लांब टेबल, पितळी तराजू, भिंतीला लागून पानं वाळवायच्या जाळीच्या सहा फळ्या, वरच्या कप्प्यात अकरा बरण्या. वाळूमाशी चावून झालेली, महिनोन् महिने न भरणारी जखम घेऊन माणसं लांबलांबून या खोलीत येत. तात्या चूर्णाच्या पुड्या देत. घेत काही नसत. त्रेपन्न वर्षं हे चाललं होतं. तीन महिन्यांपूर्वी नातीने विचारलं, "आजोबा, मी हे आमच्या प्रयोगशाळेत तपासू?" तेव्हा त्यांनी याच टेबलावर हात ठेवून शब्द दिला होता. तपास. लागू पडत नाही असं निघालं तर मी ही खोली बंद करीन. न लागणारं औषध देणं म्हणजे माणसाला खऱ्या औषधापर्यंत जायला उशीर करणं.

आता त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "उद्यापासून बंद. दाराला एक पाटी लावा."

सिस्टरने मान खाली घातली. थोरल्याची ही बायको सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करत असे, आणि इतक्या वर्षांत घरातही सगळे तिला सिस्टरच म्हणू लागले होते. लग्न होऊन आली त्या वर्षीच तिने थोरल्याच्या कानात सांगितलं होतं की ही जखम पुष्कळदा वर्षभरात आपली आपणच बसते, श्रेय मात्र पुडीला मिळतं. सव्वीस वर्षं ती हे मोठ्याने म्हणाली नव्हती. आज न म्हणताच तिचं खरं ठरलं, आणि त्याचा तिला जराही आनंद होत नव्हता.

"उद्या ती शिवणकामवाली यायची आहे, गालावर जखम असलेली," ती हळूच म्हणाली. "मी तिला माझ्याबरोबर दवाखान्यात नेईन, तात्या."

"ने. हातात पुडी दिली नाही म्हणून तिला वाईट वाटायला नको, एवढं बघ."

"पण एवढी घाई कशाला?" थोरला उसळला. त्याचा छापखाना होता आणि टेबलाखाली त्याने मोठ्या हौसेने छापून आणलेल्या लेबलांचा गठ्ठा पडला होता, हिरवी वेलबुट्टी आणि मधोमध तात्यांचा फोटो. "प्रयोगशाळेतले ते परजीवी लाडावलेले असणार. वेळेवर खायला, उबेला ठेवलेले. आपल्याकडच्या माणसांच्या अंगावरचे वेगळे!"

"माणसांच्याच जखमेतून आणलेत, काका."

"पाटी मी छापतो मग," थोरला पडेल आवाजात म्हणाला.

"लेबलांच्या पाठीवर छापा," सिस्टर म्हणाली. "कोऱ्या पाठी आहेत तीन हजार."

तात्यांना हसू आलं. ते थोडंसंच हसले, पण त्यामुळे धाकटीला धीर आला आणि तिने पिशवीतून पाकीट काढलं. "ही उरलेली पानं. आपल्या घरची वस्तू, म्हणून परत आणली." पाकीट तिने जाळीच्या फळीवर मोकळं केलं.

फळ्यांशी आत्या, तात्यांची मुलगी, उभी होती.

आत्या अजून एक शब्दही बोलली नव्हती. तशी ती कमीच बोले. सकाळी उठल्यापासून पानं तोडून होईपर्यंत तर तिचं मौनच असे. ते सुटल्यावरही शब्द जपून वापरायची सवय राहिली होती. घरातली सगळी कामाला, शाळेला, संसाराला लागली, ती या खोलीला लागली. पहाटे तोडायचं, सावलीत वाळवायचं, वाटायचं, चाळायचं. खोली बंद म्हणजे उद्या सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न तिने मनातल्या मनात दोनदा उचलून पुन्हा खाली ठेवला होता. हातांना मात्र थांबता येत नव्हतं. तिने सवयीने फळीवरची पानं पसरली, एक उचललं, उजेडात धरलं. दुसरं उचललं. मग तिसरं.

"ही कुठल्या झाडाची?"

"आपल्याच मागच्या कडवीची," धाकटी म्हणाली. "आम्हाला अख्खी पानं लागतात, झाड नक्की कोणतं ते ओळखायला. चूर्णावरून कळत नाही. म्हणून काकांनी पाठवली होती."

"दादा, तू तोडलीस?"

"मग काय कुरिअरवाल्याने? तू तेव्हा तापाने पडली होतीस. दोन तास उन्हात उभं राहून निवडलीत. एकेक पान बघ, डाग नाही की भोक नाही. मोठ्या लोकांकडे जायची होती, आपली शोभा नको व्हायला."

"तेच बघतेय," आत्या म्हणाली. "मी तोडते ते पान असं नसतं."

"कसं असतं?" धाकटीने विचारलं.

"खाल्लेलं."

"कुणी खाल्लेलं?"

"अळीने. कडवीवर एक बारकी हिरवी अळी असते. तिने जे पान खाऊन सोडलं, तेवढंच मी घेते. अख्ख्या पानाला हात लावत नाही."

थोरल्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे एवढी वर्षं आपण लोकांना अळीचं उष्टं देतोय? सिस्टर, ऐकलंस? आणि मी लेबलावर 'शुद्ध' छापलंय!"

"ओरडू नका हो," सिस्टर म्हणाली. तिचं लक्ष तात्यांकडे होतं.

तात्या टक लावून मुलीकडे बघत होते. "मला हे कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, तात्या. तुमच्याकडे पान यायचं ते वाळून चुरा झालेलंच. आईही असंच तोडायची. म्हणायची, झाडाने अळीला दिलं त्यातलं उरलेलं आपण घ्यावं. झाडाला दोनदा कशाला दुखवायचं? मी चौदा वर्षांची असताना तिच्यापुढे म्हटलं, मी हे पाळीन. ते पाळतेय."

"पण आजी असं का करायची?" धाकटी टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आली होती.

"ते मी नाही विचारलं. आईला 'का' विचारतात होय?"

धाकटीने फळीवरचं एक पान उचललं. गेले दोन महिने ती या झुडपाचं वाचत होती. त्याचं शास्त्रीय नाव, त्याचे भाऊबंद, त्यांच्यात काय काय सापडलं ते. इतक्या कागदांत पान कोण तोडतं आणि कसं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. तिने काकांना फोन केला होता आणि 'चांगली पानं पाठवा' म्हणून सांगितलं होतं. चांगली!

"झाडाला पळून जाता येत नाही," ती आत्यापेक्षा स्वतःलाच सांगत म्हणाली. "अळी चावली की काही झाडं त्या पानात कडू, विषारी असं काहीतरी नवीन तयार करायला लागतात, अळीला नकोसं व्हावं म्हणून. अख्ख्या पानात ते नसतंच, किंवा नावापुरतं असतं. कडवी तसं करते का, मला माहीत नाही. पण..."

"जखम झाली की माणसाचं अंगही स्वस्थ बसत नाही," सिस्टर म्हणाली. "तिथे धावून जाणारं, साफ करणारं काय काय गोळा होतं. रोज बघते मी." सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं, कारण या खोलीच्या बाजूने ती पहिल्यांदाच बोलत होती. तिने पदर सारखा केला. "मी लागू पडतं असं म्हणत नाहीये. चुकीचं पान तपासलं, एवढंच म्हणतेय. मग पुन्हा तपासायला नको का?"

"म्हणजे सगळं माझ्यामुळे," थोरला खुर्चीत बसला.

"आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी निवडून चांगलं आणलंत," सिस्टर म्हणाली, "आणि नेमकं तेच नडलं. मनाला लावून घेऊ नका."

तात्यांनी किल्लीवर हात ठेवला. "मी त्रेपन्न वर्षं औषध दिलं. पान एकदाही तोडलं नाही. ते घरातल्या बायका करतात, एवढंच मला ठाऊक. आणि लोक मला म्हणतात जाणकार." त्यांनी किल्ली नातीकडे सरकवली. "खोली बंदच राहील. शब्द दिलाय. पण पुन्हा तपासणार असशील, तर उत्तर येईपर्यंत किल्ली तुझ्याकडे."

"बरणीतलं चूर्ण ने ना, आयतंच आहे," थोरल्याने सुचवलं.

"नेईन, पण ते किती महिन्यांचं, कुठकुठल्या पानांचं, काय सांगणार? मला जोडी हवी. एकाच झाडाची, एकाच सकाळी तोडलेली, एकाच फळीवर वाळवलेली, एकाच हातची. निम्मी अळीने खाल्लेली, आणि..." तिने आत्याकडे पाहिलं. "आणि निम्मी अख्खी."

आत्याला अख्ख्या पानाला हात लावावा लागणार, हे तिला स्वतःलाही बोलता बोलताच कळलं.

"अख्खी मी तोडतो," थोरला पटकन म्हणाला. "मी तर आधीच पापी आहे."

"नाही चालणार, काका. तुमचा हात वेगळा, तुमची वेळ वेगळी. उद्या फरक दिसला तर आमच्या मॅडम म्हणतील, फरक पानातला की तोडणाऱ्यातला? आणि परवानगी त्या आणखी एकदाच देतील."

"मग राहू दे," तात्या म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण त्यात निर्णय होता. "पोरीने चौदाव्या वर्षी धरलेलं आहे. माझ्या खोलीसाठी मी ते सोडायला लावणार नाही."

"मीही नाही," सिस्टर म्हणाली. "वन्सं, तुम्ही काही मनावर घेऊ नका."

थोरल्यानेही मान हलवली. घडीभरापूर्वी चौघे चार बाजूंना होते. आता तिघे आत्याच्या बाजूला सरकले आणि धाकटी एकटी पडली. तिने वाद घातला नाही. ती फक्त हातातल्या अख्ख्या, देखण्या, निरुपयोगी पानाकडे बघत राहिली.

"किती?" आत्याने विचारलं.

"काय?"

"अख्खी किती लागतील?"

"चाळीस."

आत्याने फळीवरची पानं गोळा करून पुन्हा पाकिटात भरली. पाकिटाची घडी घातली. "सकाळी बघते," एवढंच म्हणाली.

*

सकाळी ती नेहमीच्या वेळी मागच्या दारी गेली. धाकटी पायरीवर दोन टोपल्या घेऊन बसली होती. मौनाचा नियम तिला माहीत होता, म्हणून तिने नुसते हात जोडले. आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कामाला लागली.

खाल्लेली पानं तिच्या हाताला न शोधता सापडत. कडेला कुरतडलेलं, मधे चाळणी झालेलं, एखादं नुसत्या शिरांचं उरलेलं. चाळीस झाली. तिने पहिली टोपली बाजूला ठेवली, दुसरी उचलली, आणि थांबली.

समोर एक अख्खं पान होतं. अशी पानं ती रोज ओलांडून जात आली होती. नियम सोपा होता म्हणून तो पाळणं कधी जड गेलं नव्हतं. देवापुढे उभं राहावं तशी ती या झुडपापुढे उभी राही आणि तिला वाटे, आपण कुणाला दुखवत नाही. ते समाधान तिचं होतं, तिने कष्टाने मिळवलेलं. पण आईने ही रीत दयेपोटी सांगितली होती की औषधापोटी? आईला तरी ठाऊक होतं का? की तिच्याही आईने नुसतं सांगितलं आणि तिनेही नुसतं पाळलं? एकोणचाळीस वर्षांत हा प्रश्न तिला पडला नव्हता. काल पडला, आणि रात्री झोपताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. आपल्याला जाणून घ्यायचंय. ही भावना तिला इतकी नवी होती की तिने अंधारातच स्वतःशी हसून घेतलं होतं.

तिने पानाचं देठ चिमटीत धरलं. डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग पान तोडलं.

धाकटीने मान दुसरीकडे वळवली. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

चाळिसावं पान टोपलीत पडल्यावर आत्या पायरीवर येऊन बसली. "झालं," ती बोलली, म्हणजे मौन सुटलं. "एका पानाला एक दिवस. चाळीस दिवस चहा बंद."

"आत्या! चहाशिवाय तू?"

"सोपं असेल ते सोडून काय उपयोग?"

दोन्ही टोपल्यांना चिठ्ठ्या हव्या होत्या. थोरल्याने काही न बोलता लेबलांचा गठ्ठा आणून ठेवला. आत्याने त्यांच्या कोऱ्या पाठीवर आपल्या गोलगोल अक्षरांत लिहिलं, एकीवर 'उष्टी', दुसरीवर 'अख्खी'.

*

पानं सावलीत वाळायला आठवडा गेला, अर्क निघायला आणि प्लेट व्हायला आणखी पंधरा दिवस. या दिवसांत खोलीला कुलूप होतं. येणाऱ्यांना सिस्टर दवाखान्याचा रस्ता दाखवी, जमेल त्यांना स्वतः घेऊन जाई. शिवणकामवालीला इंजेक्शनं सुरू झाली. आत्या तेवीस दिवस गरम पाणी पीत होती आणि थोरला तिच्यासमोर चहा प्यायचा नाही म्हणून पेला घेऊन अंगणात जात होता.

चोविसाव्या दिवशी धाकटीने फोटो आणला नाही. ती आत्यालाच प्रयोगशाळेत घेऊन गेली.

आत्याने तिथला पांढरा कोट घातला, बाह्या दोनदा दुमडल्या. खोलीत कपाटांची घरघर होती आणि औषधाच्या खोलीसारखाच, वस्तू जागच्या जागी ठेवणाऱ्या माणसांचा वास. ते तिला आवडलं. धाकटीने प्लेट आणून पांढऱ्या कागदावर ठेवली.

"वरची रांग अख्ख्या पानांची."

वरची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी होती.

"खालची तुझी."

पहिली चार घरं निळी. पाचवं जांभळट, अजून ठरलं नसल्यासारखं. सहाव्यापासून पुढे गुलाबी.

"कडक आहे तिथे मारतं, पातळ झालं की सोडून देतं. असंच दिसायला हवं होतं. मी तीनदा केलं, आत्या. तिन्ही वेळा हेच. मॅडम दोन वेळा माझ्या मागे उभ्या राहून बघून गेल्या."

आत्या वाकली. तिने बोट प्लेटवर न टेकवता, वरून, पाचव्या घरावर धरलं. मग म्हणाली, "ते दिसतात का? त्यातले?"

धाकटीने तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी गुलाबी घरातला थेंब. आत्याने एक डोळा मिटला, दुसरा टेकवला आणि तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं. लांबट, बारीक जीव, प्रत्येकाला एकेक शेपूट. धावत होते, एकमेकांवर आपटत होते, वळून पुन्हा धावत होते. कसली लगबग! मग धाकटीने निळ्या घरातला थेंब ठेवला. तिथे तेच जीव होते, आखडून गोळा झालेले. एकही हलत नव्हता.

आत्याने डोळा काढला नाही. "हे पण जीवच ना गं?"

"हो."

"सगळे मेले?"

"या घरातले सगळे."

आत्याने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "मग माझे चाळीस दिवस काही पुरायचे नाहीत."

धाकटीने घरी फोन लावला. तात्यांनी पहिल्याच घंटेला उचलला, म्हणजे हातात घेऊनच बसले होते.

"आजोबा, निळं."

मागून थोरल्याचा आवाज, "काय म्हणाली? काय म्हणाली?" आणि सिस्टरचा, "बोलू द्या त्यांना."

"खोली उघडू?" तात्यांनी विचारलं.

धाकटीला हो म्हणायचं होतं. "अजून नाही, आजोबा. हे काचेतलं आहे. हाच अर्क माणसाच्या पेशींनाही मारतो का, ते बघायचंय. मग त्यातलं नेमकं काय लागू पडतं ते. वर्षं लागतील."

"बरं." आवाजात खंत नव्हती, काहीतरी नीट समजून घेतल्यावर येतो तसा तो आवाज होता. "मग पुढचं दार बंदच ठेवतो. मागचं उघडं ठेवतो. तुला पानं लागतील. आणि तिला सांग, मला एकदा बरोबर ने म्हणावं. कसं तोडतेस ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्या काठी टेकत मागच्या दारी आले. आत्याचं मौन होतं, म्हणून तेही बोलले नाहीत. तिने त्यांचा हात धरून कडवीजवळ नेलं आणि त्यांचं बोट एका पानाच्या कुरतडलेल्या कडेवरून फिरवलं, मग दुसऱ्या. तिसऱ्या पानावर हिरवी अळी अजून बसलेली होती. तात्यांना ती दिसत नव्हती. आत्याने त्यांचा हात अलगद मागे घेतला आणि तसाच आपल्या हातात ठेवला.

अळी सावकाश, कडेकडेने खात होती. दोघं तिचं खाऊन व्हायची वाट बघत उभी राहिली.